मणक्याला मार: दवाखाना आणि दावा, दोन्हींची पिशवी एकच

माझा धाकटा भाऊ वायरमन. कराडजवळ हायवेवर टेम्पोने उडवलं, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. त्याचं सगळं मीच बघते, त्यामुळे नात्यात कुणाचा अपघात झाला की पहिला फोन मला.

पाय हलत नाहीत, मान-पाठ दुखते असं जखमी म्हणाला, तर हातापायाला धरून रिक्षात कोंबू नका. १०८ ला फोन करा आणि एकाने डोकं-मान आहे तशी धरून ठेवा. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद झाली का, विचारा. रस्ते अपघातासाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. काउंटरवर आपण होऊन विचारायचं.

ऑपरेशन झालं की पाहुणे म्हणतात, सुटलात. खरं काम तिथून सुरू. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात; तो त्याला जाणवणार नाही, तुम्हालाच दिसला पाहिजे. लघवीची नळी स्वच्छ हातांनी कशी घालायची, हे घरी सोडण्याआधी नर्सकडून शिकून घ्या, लाजू नका. मार छातीच्या मध्यावर किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर उठून बसवा, नळी तुंबली का बघा आणि तडक डॉक्टर गाठा. पुढच्या व्यायामासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात. आपण राहतो तिथेही लावता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिने, म्हणून पेशंट बरा होण्याची वाट बघू नका. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं एकाच पिशवीत. सोबत एक वही: सांभाळणाऱ्या बाईचा पगार, डायपर, गाडीभाडं, तारखेसह. विमावाल्यांच्या कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही.

वकिलाला एक गोष्ट ठासून सांगा. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि बुडालेली कमाई एकच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात हेच सांगितलंय. दाखला काहीही म्हणो, माझा भाऊ आता खांबावर चढत नाही. म्हणून तो आधी काय काम करायचा, किती कमवायचा, याचे पुरावे आणि ठेकेदाराची साक्ष हवीच.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारकडून पन्नास हजार मिळतात. त्यासाठी अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांत कचेरीत चौकशी करा.