लेन्सचा स्वभाव ओळखायचा कसा

एमटीएफचा, म्हणजे लेन्सची स्पष्टता मोजणारा, आलेख फक्त फोकसमधल्या बारीक रेघांबद्दल बोलतो. चेहऱ्यामागचा कडुलिंब कसा विरघळेल, ते त्यात कुठेच नसतं, आणि ‘या लेन्सला कॅरेक्टर आहे’ म्हणतात त्याचा अर्धाअधिक हिशेब त्या विरघळण्यातच असतो. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एक रात्र गच्चीवर, एक सकाळ शेतात आणि जमलं तर वेरूळची एक चक्कर.

कॅमेरा रॉवर (प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) ठेवा. आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का. लेन्स करेक्शन कॅमेऱ्यातलंही बंद आणि सॉफ्टवेअरमधलंही, नाहीतर काचेऐवजी कंपनीचं गणितच बघत बसाल. ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद.

रात्री दिवाळीची बारक्या बल्बांची माळ ५ मीटरवर टांगा, फोकस १ मीटरवर बांधा, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं. एक्सपोजर एवढं कमी ठेवा की बल्बच्या टिकल्या (फोकसबाहेरचे धूसर गोल) पांढऱ्याफटक होणार नाहीत. हे चुकलं की बाकी सगळं वाया, कारण वाचायची असते ती टिकलीच्या आतली छटा. फोटो शंभर टक्के मोठा करा. कड झगझगीत आणि मध्य फिका असेल, तर मागच्या फांद्यांच्या दुहेरी रेघा उमटणार. मेयर ट्रायोप्लान १०० एमएम या जुन्या जर्मन लेन्सचे साबणाचे फुगे याच जातीचे. कड हळूच विझत असेल, तर मागचं सगळं लोण्यासारखं. आता फोकस लांब न्या आणि माळ जवळ आणा. स्फेरिकल अ‍ॅबरेशनमुळे (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळाल्याने) चित्र उलटतं: मागे मऊ असणारी लेन्स पुढे कडक होते. पुढे-मागे दोन्हीकडे लोणी मागणं व्यर्थ आहे.

टिकलीत कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसली, तर आत बहुधा साच्यात दाबून घडवलेली अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्रतेची) काच आहे. कोपऱ्यातल्या टिकल्या लिंबाच्या फाकेसारख्या झाल्या, तर लेन्सच्या नळीची कड प्रकाश कापतेय. हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत लेन्सचं गरगरणारं बॅकग्राउंड त्यातूनही येतं. ते हवं असेल तर माणूस दीड मीटरवर, पानांची गर्दी चार-पाच मीटरवर आणि अ‍ॅपर्चर एफ २ (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). एफ ४ ला गरगर जवळपास संपते.

सकाळी काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात जा. धसकटांचं सपाट रान यासाठी उत्तम. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ, फोकस मध्यावर ५ मीटरला. फोटोला एडिटरमध्ये कडा शोधणारं फिल्टर लावा. स्पष्ट धसकटांचा पट्टा आडवा सरळ आला तर फोकसचं प्रतल सपाट. धनुष्यासारखा वाकला तर फील्ड कर्व्हेचर, म्हणजे ते प्रतल वक्र. पट्टा एका बाजूलाच कलला तर तो स्वभाव नाही, काच हललेली आहे, परत करा.

वेरूळच्या सोळाव्या लेण्याच्या चौकातून काळा बेसाल्ट आणि पांढरं आकाश एकाच फ्रेममध्ये घ्या. (ट्रायपॉडला परवानगी लागते, हातातच धरा.) कोटिंग (परावर्तन रोखणारा पातळ थर) नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. आठ पृष्ठभागांतून मग ७२ टक्केच सरळ पार होतो. उरलेल्यातला काही आतल्या आत आदळून सेन्सरवर सांडतो आणि काळोख राखाडी होतो. जुन्या काचेच्या सावल्या ‘उघड्या’ वाटतात, त्या याच गळतीने. जर्मन कंपनी झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये कोटिंगचं पेटंट घेतलं, ते हे थोपवायलाच. तोच फ्रेम हूड (लेन्सपुढचं सावलीचं कडं) लावून आणि काढून घ्या. फरक फार पडला तर हूड कायमचा.

फोकस शिफ्ट (अ‍ॅपर्चर लहान केल्यावर फोकस सरकणं) तपासायला पट्टी ४५ अंशांत ठेवा, पूर्ण उघड्यावर फोकस करून एफ २, २.८ आणि ४ ला टिपा. स्पष्ट आकडा मागे सरकत असेल, तर वापराच्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करायचा.

जुनी लेन्स घेताना ती पांढऱ्या कागदावर धरून बघा. सुपर ताकुमार ५० एमएम एफ १.४ च्या थोरियम हा किरणोत्सर्गी धातू मिसळलेल्या काचेला पिवळेपणा येतो. यूव्ही दिव्याखाली काही दिवसांत तो बराच उतरतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली, तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात लेन्स गाडीत सोडू नका: ग्रीस पातळ होऊन तेच तेल पात्यांवर येतं.