सेवेचा दर्जा मोजताय? मग या चुका टाळा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मालकांचं गाऱ्हाणं एकच असतं: रेटिंग 4.6 आहे, पण गिऱ्हाईक परत फिरकत नाही. कधी पॅथॉलॉजी लॅब असते, कधी पतसंस्था, कधी सियागंजातला होलसेलवाला, ज्याच्या मुलानं नुकतंच एमबीए करून दुकानात डॅशबोर्ड बसवलाय. इंदुरात वीसेक वर्षं मी हेच काम करतोय, आधी नोकरीत आणि आता रामबागेतल्या घरून. त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कुणी आलं की आधी हे वाचायला देईन, चहा नंतर.

घड्याळ आपल्या सोयीनं सुरू करणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून पहिला मान तिला.

शहरातल्या एका खासगी रुग्णालयात मी क्वालिटीचं काम बघत होतो. ओपीडीत ताटकळावं लागतं अशा तक्रारी रोजच्या. मी टोकन मशीन बसवून घेतलं. टोकन निघाल्यापासून डॉक्टरांच्या दारावर नंबर झळकेपर्यंतचा वेळ आपोआप नोंदला जायचा. पहिल्या महिन्याची सरासरी आली 47 मिनिटं. व्यवस्थापनानं 20 मिनिटांचं टार्गेट दिलं आणि रिसेप्शनवरच्या मुलामुलींचा इन्सेंटिव्ह त्याला बांधला. बांधायची कल्पनाही माझीच. तिसऱ्या महिन्यात सरासरी 14 वर उतरली. मीटिंगमध्ये पेढे वाटले, मला पुष्पगुच्छ मिळाला. तो घरी नेऊन बायकोला दाखवला, हेही कबूल करतो.

त्याच आठवड्यात लोकमान्य नगरातल्या एक आजी जिन्यापाशी भेटल्या. गुडघ्यासाठी यायच्या, आमच्या आईच्या ओळखीच्या. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "काय आजी, आता लवकर नंबर लागतो ना?"

"लागतो रे बाळा, टोकन हातात पडलं की लगेच लागतो. पण टोकन देतात कुठे? साडेनऊपासून या बाकावर बसवून ठेवलंय. ती मुलगी म्हणते, आजी बसा, बोलावते."

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी मी कोट काढून ठेवला आणि त्याच बाकावर जाऊन बसलो. अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. डॉक्टरांकडची रांग ओसरली की मगच टोकन फाडायचं, अशी सोय रिसेप्शननं लावून घेतली होती. आकडा कुणी खोटा लिहिला नव्हता, प्रत्येक टोकनवरची वेळ खरी होती. रांग फक्त मशीनला दिसणार नाही अशा जागी सरकवली होती. त्या मुलांवर चिडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या पगाराचा तुकडा त्या आकड्याला मीच तर टांगला होता.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं: एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब टाकला की तो आकडा आधीसारखा खरं बोलत नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत कर्मचाऱ्यांना नवीन खात्यांची टार्गेटं होती. गिऱ्हाइकांना न विचारताच खाती उघडली गेली, 2016 मध्ये प्रकरण बाहेर आलं आणि 18.5 कोटी डॉलरचा दंड बसला. तिथे खाती फुगली, आमच्याकडे मिनिटं आटली.

मग मी काय केलं? दारावरच्या वॉचमनला चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन दिलं. आत येणाऱ्याच्या हातात चिठ्ठी, तीवर आल्याची वेळ. डॉक्टरांच्या खोलीबाहेरची सिस्टर ती परत घेणार आणि वेळ टाकणार. वॉचमनला इन्सेंटिव्ह नाही, सिस्टरलाही नाही. पहिल्या आठवड्यात खरी सरासरी निघाली एक तास वीस मिनिटं. पेढे कुणी मागितले नाहीत. आजही कुठलंही काम घेतलं की मी आधी हेच विचारतो: गिऱ्हाइकाचा दिवस कुठून सुरू होतो? तुमच्या काउंटरपासून नव्हे, त्याच्या पहिल्या पावलापासून.

आमच्या मध्य प्रदेशानं 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. सरकारी काम ठरलेल्या मुदतीत झालं नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपये दंड. लोक दंडाबद्दल बोलतात. मला त्यातली पावती जास्त महत्त्वाची वाटते. अर्ज घेतल्याची तारीख अर्जदाराच्या हातात असते, म्हणजे घड्याळाची एक किल्ली त्याच्याकडे आली.

चिठ्ठ्यांचाही खटाटोप नको असेल तर तासाला किती माणसं येतात ते मोजा आणि अधूनमधून आत थांबलेली डोकी मोजा. तासाला 36 माणसं येत असतील आणि कधीही बघितलं तर सरासरी 24 बसलेली दिसत असतील, तर एकेकाचा सरासरी वेळ 24 भागिले 36 तास, म्हणजे 40 मिनिटं. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हे गणितानं सिद्ध केलं, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. कागद, पेन आणि दोन दिवस सकाळचा वेळ एवढंच लागतं. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण याचं ॲप नाही.

सरासरीवर झोपणं

दहा तक्रारी आल्या. नऊ एका दिवसात सुटल्या, एक 41 दिवस लोंबकळली. सरासरी पाच दिवस. पाच दिवस लागलेला माणूस त्या दहांत एकही नाही. रिपोर्टमध्ये सगळ्यांत जास्त वेळ लागलेली तीन प्रकरणं नावानिशी लिहा, सरासरी खाली बारीक अक्षरात गेली तरी चालेल.

ज्याचं मोजायचं त्याच्याच हातात फॉर्म देणं

हे तर सगळ्यांनी भोगलंय. गाडी सर्व्हिसिंगहून घेताना मुलगा अजिजीनं म्हणतो, "भिया, कॉल आएगा, दस में से दस बोल देना, नहीं तो मेरा कट जाएगा." आपण त्याच्या तोंडाकडे बघून दस देतो. मग कंपनीला आनंद, त्या मुलाला सुटका, आणि ब्रेक तसाच वाजत राहतो.

शून्य ते दहाचा हा प्रश्न 2003 मध्ये अमेरिकन व्यवस्थापन सल्लागार फ्रेडरिक राइकहेल्ड यांनी चलनात आणला. आमची शिफारस मित्राला कराल का, एवढंच विचारायचं. 9 आणि 10 देणारे पाठीराखे, 6 आणि त्याखालचे नाराज, मधले कुणाचेच नाहीत. प्रश्न वाईट नाही. पण आपल्याकडे संकोच फार. ओळखीच्या माणसाच्या समोर 6 लिहायला जीभ आणि हात दोन्ही अडखळतात. माझा उपाय साधा आहे: दर शुक्रवारी दहा गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन लावतो आणि रेटिंग विचारतच नाही. "गेल्या वेळी आमच्याकडे आलात तेव्हा कुठे थांबावं लागलं?" एवढंच. मराठी घर असेल तर सुरुवातीला "नाही हो, सगळं छान होतं" येतंच. गप्प राहायचं. दहा सेकंदांनी "तसं म्हणजे..." सुरू होतं. खरा फीडबॅक त्या "तसं म्हणजे"नंतर असतो.

लांबलचक प्रश्नावल्यांबद्दलही एक बोलून घेतो. परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी 1988 मध्ये सेवेचा दर्जा मोजायला 22 विधानांची मोजपट्टी दिली. अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, असं दोनदा विचारायचं आणि फरक काढायचा. अभ्यासूंसाठी उत्तम. ओपीडीत गुडघा धरून बसलेल्या आजींना 44 उत्तरं मागू नका. त्यांच्या पाच कसोट्या मात्र पाठ करा: भरवसा, तत्परता, जाणकारीतून येणारी खात्री, आपुलकी आणि डोळ्यांना दिसणारी टापटीप. त्यांच्या पाहण्यांत गिऱ्हाइकांनी सगळ्यांत वजन दिलं ते भरवशाला, आणि टापटीप आली शेवटी. आमचे मालक नेमका शेवटून खर्च सुरू करतात: आधी सोफा, मग मत्स्यालय.

तीन नंबरच्या खिडकीला शेवटचा नंबर देणं

त्याच रुग्णालयात बिलिंगच्या चार खिडक्या होत्या. तीन नंबरवर बसणाऱ्या ताईंना एका बिलाला अकरा-बारा मिनिटं लागायची, बाकीच्यांना चार-पाच. वार्षिक मूल्यमापनात त्या सलग दोन वर्षं तळाला. शेरा "गतीत सुधारणा आवश्यक". तिसऱ्या वर्षी त्यांनी पलासियातल्या दुसऱ्या ठिकाणी नोकरी धरली आणि मॅनेजर म्हणाले, बरं झालं.

पंधरा दिवसांत कॅशलेसची, म्हणजे विमा कंपनी परस्पर भरते ती, प्रकरणं तुंबली. सकाळी डिस्चार्ज मिळालेला पेशंट रात्री नऊपर्यंत पलंगावर, नातेवाईक खालीवर करतायत, नवीन पेशंटला बेड नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की विम्याची सगळी किचकट बिलं बाकीच्या तिघी हळूच तीन नंबरकडे सरकवत होत्या. कुठल्या टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणारी संस्था) कुठला कागद लागतो हे एकट्या ताईंना ठाऊक. त्या संथ नव्हत्याच. अवघड काम त्यांच्या पदरात होतं आणि आम्ही मिनिटं मोजत होतो.

अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ मी तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घेतो. पेटीत 3200 पांढरे मणी, 800 लाल. 50 खड्ड्यांची पळी बुडवायची आणि वर काढायची, लाल मणी म्हणजे खोट. निव्वळ योगायोगानं कुणाला सात येतात, कुणाला चौदा. मग आपण सातवाल्याचं कौतुक करतो, चौदावाल्याला मेमो देतो, आणि पेटी कुणी भरली हे विचारतच नाही. खेळताना सगळे हसतात. एप्रिल आला की तेच लोक पुन्हा बेल कर्व्ह काढतात. माणसांना जबरदस्तीनं वरच्या-खालच्या रांगेत बसवायची ही पद्धत मायक्रोसॉफ्टनंही 2013 मध्ये सोडली, पण बारा माणसांच्या लॅबमध्ये मात्र ती हवीच असते.

माझी पद्धत म्हणाल तर दोन गोष्टी. तुलना करण्याआधी एक आठवडा माणसांच्या जागा बदलायच्या. आकडा खिडकीबरोबर राहिला तर दोष खिडकीचा, माणसाबरोबर गेला तर बोलू. आणि प्रत्येकाच्या नावाची दोन पानं वहीत, घडलं त्याच दिवशी एक ओळ. वहीशिवाय मार्चमध्ये मूल्यमापन करणाऱ्याला फक्त फेब्रुवारी आठवतो.

बाकीच्या, पटापट

तक्रारपेटीची किल्ली हरवलेली असणं. हसू नका, जाऊन बघा.

आयएसओचं प्रमाणपत्र चौकटीत आणि कार्यपद्धतीची फाइल कपाटात कुलूपबंद.

43 निर्देशकांचा डॅशबोर्ड. तीन ठेवा. चौथा हवासा वाटला तर आधीचा एक काढा.

जुन्या बाजारातली राजवाड्याजवळची शाखा आणि नव्या वस्तीतली विजय नगरची शाखा एकाच फूटपट्टीनं मोजणं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी राजवाड्याला उभं राहून दाखवा, मग बोला.

ओळख न देता सेवा तपासायला गुप्त गिऱ्हाईक म्हणून मालकाच्या साडूला पाठवणं. इंदुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्याला कॉफी मिळते, पुढच्याला मिळत नाही.

"काका, फॉर्मॅट पाठवा ना"

ही नव्या मुलांची चूक. सियागंजातल्या त्या एमबीएनं पहिल्याच फोनवर एक्सेल मागितलं. मी म्हटलं, दोन शनिवार काउंटरपाशी नुसता उभा राहा, हात मागे बांधून. तिसऱ्या तासाला फोन: "काका, उभा राहिलो, आता फॉर्मॅट?" मी फोन ठेवला. एकीकडे वाईट वाटलं, कारण त्याच्या वयात मलाही टोकन मशीनच हवं होतं.

दुसऱ्या शनिवारी रात्री त्याचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता. गिऱ्हाईक माल सांगायला एका टेबलाशी, पैसे द्यायला दुसऱ्या आणि गेटपास घ्यायला तिसऱ्या टेबलाशी जातं, आणि तिसरं टेबल हमाल माल आणतात त्या वाटेतच आहे, म्हणून दर वेळी सगळे थांबतात. वीस वर्षं दुकानात वाढलेल्या मुलाला हे पहिल्यांदा दिसलं होतं. टेबल हलवायचं म्हणतोय. वडील तयार नाहीत, ते आजोबांच्या वेळचं आहे.