जंगलाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

जंगल, संशोधन आणि तिथल्या माणसांचं जगणं एकत्र बांधू पाहणारे प्रकल्प बरेचदा फिसकटतात. तीच ती कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

माणूस म्हणजे नुकसान, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली गुरं चारायला बंदी आली. म्हशींमुळे पाणथळ जागा बिघडते, असा समज होता. गावकऱ्यांनी विरोध केला आणि गोळीबारात माणसं मेली. नंतर म्हशी खात होत्या ते पासपॅलम गवत मोकाट वाढलं. उथळ पाणी त्यानं गच्च भरलं, पाणपक्ष्यांना जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे पुढे आलं, पण गेलेली माणसं थोडीच परत येणार होती!

म्हणून चराईबंदीची शिफारस लिहिण्याआधी एका तुकड्याला कुंपण घाला, शेजारचा तसाच ठेवा आणि दोन-तीन पावसाळे बघा. नोंदी घेताना गुराखी सोबत हवाच.

नुसतं नाव लिहून घेणं

एकाच वेलाला दोन वस्त्यांत दोन नावं असतात, तर कधी एका नावाखाली तीन जाती निघतात. तक्त्यात ‘कशावरून ओळखलं?’ असा रकाना ठेवा. रानकंदाचा वेल आधाराभोवती कुठल्या अंगाने वळतो, पानाच्या बेचक्यात गाठी धरतात का, अशी उत्तरं मिळतील. वनस्पतीशास्त्रज्ञही हीच लक्षणं पाहतात. शंका असेल तिथे वनस्पतीचा नमुना कागदात दाबून, वाळवून ठेवा आणि फुलाफळाच्या हंगामात पुन्हा जा.

फक्त वस्तीच्या प्रमुखाशी बोलणं

सरपण, कंद, पाला आणणाऱ्या बायकांना वेगळं भेटा. त्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

कळलं ते सगळं छापणं

दुर्मिळ औषधीची नेमकी जागा छापली की ती ओरबाडली जाते. पारंपरिक ज्ञानासाठी आधी संमती आणि फायद्यात वाटा, हे तत्त्व जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या, २०१४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नागोया करारातही आहे. एका कागदावर एकदा घेतलेली सही पुरेशी मानू नका. काय छापायचं नाही, हे स्पष्ट विचारा.

निष्कर्ष घेऊन निघून जाणं

अहवाल पाठवण्याआधी नकाशा जमिनीवर पसरा आणि निष्कर्ष गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. कुणी ‘इथे ओढा नाही’ म्हणालं, तर जाऊन बघा आणि खोडून दुरुस्त करा. अहवालात कुणाचं नाव घालायचं, कुणाचं नाही, हेही त्याच बैठकीत ठरवा.