पावसाळ्याआधी कात्र्यांची तयारी

दुकानात जाण्याआधी घरात काय काय कापलं जातं ते आठवून पाहा. दुधाची पिशवी, मिरच्यांचे देठ, ब्लाउजपीस, कुरिअरचं खोकं आणि बाल्कनीतली जास्वंद, सगळं एकाच कात्रीनं उरकायचं आणि मग धार नाही म्हणून कुरकुरायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. निदान तीन कात्र्या वेगळ्या ठेवा: कापडाची, ओट्यावरची आणि झाडांची. कागद-पुठ्ठ्याला घरातली जुनी चालते. (दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा हमखास गटारात जातो.)

कापडाच्या कात्रीला कागद लावू द्यायचा नाही. कागदात खनिज भुकटी असते, ती धार खाते. आठ ते दहा इंची, खालची मूठ मोठी असलेली घ्या, म्हणजे कापताना कापड टेबलावरून फारसं उचललं जात नाही. मेरठच्या कात्र्यांना 2013 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येतात, पण साधं पोलाद गंजतं आणि वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत तर फारच लवकर. ओट्यावर मात्र स्टेनलेसच हवी, तीही दोन पाती सुटी करून धुता येणारी. घरात कोणी डावखुरं असेल तर नुसती मूठ बदललेली घेऊ नका, पातीच उलटी बसवलेली लागतात.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जात असाल तर पिशवीत एक जुनी सुती चिंधी असू द्या आणि दुकानदार वैतागला तरी ती टोकानं कापून पाहा, कारण बिघाड आधी टोकाशी कळतो. मग कात्री मिटून उजेडासमोर धरा. दोन पात्यांमध्ये बारीक फट दिसून टोकं टेकलेली असतील तर पाती नीट घडवलेली आहेत. सगळ्यात महत्त्वाचा मधला सांधा. ठोकलेल्या खिळ्यापेक्षा स्क्रू बरा: सैल झाली तर आवळता येते, गंज धरला तर उघडून पुसता येते. चकाकी बघून मी तरी कात्री घेत नाही.

झाडांसाठी सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. त्याचे दोन प्रकार असतात. एकात पाती एकमेकींच्या बाजूनं सरकतात, दुसऱ्यात धारदार पातं सपाट पट्टीवर आपटतं. ओल्या फांदीला पहिला प्रकारच घ्या. दुसरा हिरवी साल चेंगरतो, तो सुक्या काटक्यांना ठीक. कुंड्यांतल्या गुलाब-मोगऱ्याला पहिला पुरतो. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा जाड फांदीवर जोर केला की सांधा ढिला होतो, तिथे छोटी करवत काढा. सोसायटीच्या आवारातल्या झाडाला मात्र करवतही स्वतःहून लावू नका. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ठाणे असो की नवी मुंबई. तणासाठी एक खुरपं, बस्स.

सिकेटरसोबत सत्तर टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर आणि फडकंही आणून ठेवा. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पात्यावरून दुसऱ्या कुंडीत जाऊ शकतो, म्हणून झाड बदललं की पातं पुसायचं. चाफ्याचा चीक वाळण्याआधीच काढलेला बरा. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं.

धार मे महिन्यातच लावून घ्या, पावसात सायकलवरचा धारवाला दिसायचा नाही. तो आला की समोर उभे राहा आणि पात्याची आतली सपाट बाजू चाकावर धरू देऊ नका. ती घासली गेली की दोन पाती एकमेकींना भिडत नाहीत आणि कात्री नुसतं कापड चावते. सिकेटरचं फक्त उतरत्या धारेचं पातं द्या, तेही बाहेरूनच.