माणूस आजारी पडायच्या आधी रेशनकार्ड काढून बघा

विमा नाही, म्हणजे दवाखान्याची वेळ आली की सोनं मोडायचं नाहीतर सावकाराकडं जायचं, असंच धरून चालणारी माणसं मला बार्शीत रोज भेटतात. माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डाची कामं, आयुष्मान कार्ड हेच माझं दिवसभराचं काम. हमाल, रिक्षावाले, डाळ मिलमध्ये जाणाऱ्या बायका, टपरीवाले, यांतल्या कुणालाच कंपनीचा विमा नाही. आणि घरातल्या सगळ्यांची पॉलिसी विकत घ्यायची तर हप्ता झेपत नाही.

पण महाराष्ट्रात रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. आधी फुले योजनेची मर्यादा दीड लाख होती आणि पांढरं कार्डवाले बाहेर होते. आता पिवळं, केशरी, पांढरं, सगळी कार्डं चालतात. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर, डायलिसिस धरून हजाराहून जास्त उपचार यादीत आहेत. पैसा सरकार भरतं, अडतं ते कागदावर. म्हणून हे काम घरातली सगळी धडधाकट असतानाच करा.

आज रेशनकार्ड आणि घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक नाव अक्षर लावून वाचा. रेशनकार्डावर ‘कमल’ आणि आधारवर ‘कमलबाई’, एकीकडं वडिलांचं नाव तर दुसरीकडं नवऱ्याचं, जन्मसाल पाच वर्षांनी पुढं-मागं, हे घरोघरी सापडतं. सगळ्यात जास्त अडकतात त्या नव्या सुना. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं नसतं, म्हणून सासरच्या कार्डात चढत नाही, आणि बाळंतपणात गुंतागुंत झाली की सगळं घर माझ्या दारात उभं राहतं. लग्न झालं की आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, तो सासरच्या पुरवठा शाखेत द्या. लहान मुलांची नावंही लगेच चढवून घ्या. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर माहीत नसेल तर रेशन दुकानदाराला विचारा आणि कार्डाच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवा.

मग आयुष्मान कार्ड. त्यासाठी आधारची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, लागते आणि इथं आमच्याकडच्या कष्टकरी बायकांची फार परवड होते. वर्षानुवर्षं भांडी घासून, डाळ निवडून बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा उठत नाही. बाई बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मशीन पुन्हा नाकारतं. अशा वेळी नुसतं परत जाऊ नका. दुसऱ्या बोटानं करून बघायला सांगा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, चेहऱ्यावरूनही पडताळणी करता येते. मोबाइल जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर जाऊन तेवढं एक काम आधी उरका, पुढची निम्मी धावपळ वाचेल.

घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग काहीही असो, त्यांचं वय वंदना कार्ड, म्हणजे वडीलधाऱ्यांसाठीचं वेगळं आयुष्मान कार्ड, निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. फक्त आधारकार्ड लागतं.

आता दवाखाना. दाखल करायच्या आधी विचारा, ‘इथं योजना आहे का, आणि या आजाराला चालते का?’ दोन्ही विचारायचं, कारण योजनेतल्या दवाखान्यातही प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. पैसे भरायच्या काउंटरवर जायच्या आधी ते टेबल गाठा. नोंद झाली की डॉक्टर मंजुरीसाठी कागद ऑनलाइन पाठवतात. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. आमच्या गल्लीतल्या एकाला एका दवाखान्यात ‘आधी अनामत भरा, योजनेचं नंतर बघू’ असं सांगितलं होतं. तसं कुणी म्हटलं तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय रुपया देऊ नका, तक्रारीत ती पावतीच बोलते. घरी सोडल्यावर दहा दिवसांची औषधंही योजनेतूनच मिळतात. ती मागून घ्या.

आजार यादीत नसेल, तर धर्मादाय दवाखाना शोधा. मोठमोठी ट्रस्टची हॉस्पिटलं यात येतात आणि लोक त्यांच्या काचा बघूनच माघारी फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं. उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून तिथल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तिथं समाजसेवा अधिकारी कुठं बसतात ते विचारा आणि त्यांच्याकडंच अर्ज द्या. अत्यवस्थ रुग्णाला अनामतीसाठी दारात थांबवता येत नाही. या राखीव खाटांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठ्याच्या अहवालापासून तो हातात पडेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातातच, म्हणून दर वर्षी आधीच काढून ठेवा.

शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या योजनेत बसत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय धरा. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी २१ हजारांच्या आत पगारावर असाल तर मालकाला ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, नंबर मागा. अनेकांच्या पगारातून पैसे कापले जातात आणि कार्ड मात्र कधी काढलेलंच नसतं.

आणि थोडाफार हप्ता झेपत असेल, तर घरगुती पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, पुन्हा एकदा भाव विचारून बघा. ‘आरोग्य संजीवनी’ नावाची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं एकाच साच्याची मिळते, त्यामुळं हप्त्याची तुलना सोपी जाते. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तरीही शुगर असेल तर फॉर्मवर शुगर लिहाच. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि भरलेले सगळे हप्ते पाण्यात जातात. एजंट म्हणेल, ‘कोऱ्या फॉर्मवर सही करा, बाकीचं मी भरतो.’ तशी सही करू नका, प्रत्येक रकाना त्याला समोर बसवून भरून घ्या.