एक्स८७० बोर्ड बसवायच्या आधीची तयारी (मॅन्युअल! मॅन्युअल!)

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी एएमडीचे एक्स८७० आणि एक्स८७०ई हे मदरबोर्डाचे नवे चिपसेट आले तेव्हा पीसीवाल्या मंडळींनी नाकं मुरडली, आणि चुकीचं नव्हतं ते, कारण चिप तीच, आधीच्या स्वस्त बी६५० चिपसेटमधली प्रोमोन्टरी २१, साध्यावर एक, ई वर दोन, आणि नवं म्हणून मिरवायला सक्तीचं यूएसबी४ (वेगवान यूएसबी पोर्ट). मी नेमका त्या यूएसबी४ ला भुललो. म्हणून सगळ्यात आधी, पैसे द्यायच्याही आधी, बोर्डाच्या मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि लेन शेअरिंगचं टेबल शोधा (लेन म्हणजे प्रोसेसरपासून कार्डापर्यंत डेटा नेणाऱ्या वाटा, त्या कोण कोणाशी वाटून घेतं ते या टेबलात असतं).

झालं असं की प्रोसेसरच्या वापरता येतील अशा लेन २४. त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डाला, ४ पहिल्या एसएसडीला, उरल्या ४, आणि त्यांच्यावर यूएसबी४ चा कंट्रोलर येऊन बसतो. मग दुसऱ्या फास्ट एम.२ स्लॉटला (एसएसडी खोचायची खाच) लेन आणायच्या कुठून? काही बोर्डांवर यूएसबी४ च्या वाट्यातून, काहींवर सरळ ग्राफिक्स कार्डाच्या १६ मधून. माझा बोर्ड दुसऱ्या जातीचा. हाताला जवळ पडला त्या स्लॉटात दुसरी एसएसडी खोचली, कार्ड एक्स१६ चं (१६ लेन) एक्स८ (८ लेन) झालं, आणि महिनाभर मला पत्ता नाही. गेममध्ये फरक किरकोळच पडतो, मान्य, पण एवढे पैसे मोजून अर्धा स्लॉट वापरायचा म्हणजे डोकं फिरतं. टेबलखालची बारीक अक्षरातली टीपसुद्धा वाचा, माझं उत्तर तिथेच होतं.

रॅमच्या दोनच स्टिक घ्या, ६००० स्पीडच्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. चार लावल्या तर स्पीड पडतो, मग रडू नका. एक पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यात नवीन बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर), फाइलचं नाव मॅन्युअल सांगेल तेच (बघा, परत मॅन्युअल). त्यातच लॅनचा ड्रायव्हरही टाका, कारण विंडोज ११ इन्स्टॉल होताना नेट मागतं आणि वायफाय ७ ची चिप त्याला बऱ्याचदा ओळखूच येत नाही. सॉकेटमधल्या पिनांना बोट लावायचं नाही, एक वाकली की वॉरंटी विसरा. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेवा.

एसएसडी हातात घेतलीत? थांबा, टेबल उघडा, स्लॉटचं नाव वाचा, मग खोचा.

बाकी नेहमीचं: स्टँडऑफ (बोर्डाखालचे छोटे खांब), प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, आणि प्रोसेसरची आठ पिनची केबल बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी ओढून घ्या, नंतर हात जात नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाशी जुळवणी) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग) ऑन. ड्रायव्हर. मग जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून कार्डावर लोड टाका आणि एक्स१६ दिसतंय का बघा, एक्स८ दिसलं तर एसएसडी काढा आणि ते टेबल उघडा.