तळाचा गळ बांधताना या चुका टाळा

चोरलच्या धरणावर किंवा बडवाहला नर्मदेवर नव्याने जाणाऱ्या आपल्या इंदुरी मंडळींची तक्रार ठरलेली असते: "दादा, रॉडचं टोक हलतं, पण ओढलं की हूक रिकामा." मग आमिष बदललं जातं, हूक बदलला जातो, शेवटी जागाही बदलली जाते. शिशाकडे, म्हणजे गळ तळाशी नेणाऱ्या वजनाकडे, मात्र कोणी बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तळाच्या गळाचे बहुतेक घोटाळे शिशापाशीच सुरू होतात, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करा.

साधी मांडणी अशी. मुख्य दोरीत आधी भोकाचं शिसं ओवायचं, मग एक मणी, आणि दोरीचं टोक स्विव्हलला (गरगर फिरणारी दोन कड्यांची जोडणी) बांधायचं. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला 30 ते 45 सेंटिमीटरचा लीडर, म्हणजे दोरीचा आखूड तुकडा, आणि त्याच्या टोकाला हूक. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी भोकातून सरकते, शिसं जागेवर पडून राहतं आणि माशाला ओझं कळत नाही.

शिसं पक्कं करून टाकणं

दोरीला गाठ मारून किंवा शिसं दाताने चेपून 15-20 ग्रॅमचं वजन एका जागी पक्कं केलेलं नेहमी दिसतं. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळावरचं खाणं तोंडात ओढून घेतात, चाचपतात आणि काही खटकलं की लगेच बाहेर टाकतात. टोक थरथरतं ते तेवढ्यापुरतंच. पक्क्या वजनाचीही एक पद्धत आहे, इंग्लंडमधल्या कार्प पकडणाऱ्यांनी रूढ केलेली. तिथे वजन 80 ग्रॅमच्या आसपास असतं; मासा दचकून पळतो आणि त्या ओझ्यानेच हूक रुततो. म्हणजे शिसं एकतर मोकळं सरकावं, नाहीतर हूक रुतवण्याइतकं जड असावं. मधल्या वजनाने मासा फक्त सावध होतो. जड वजन लावलंत तर दोरी तुटल्यावर ते गळून पडेल असंच लावा. वजन ओढत फिरणारा मासा तडफडून मरतो. आणि शिसं दाताने कधीच चेपू नका, ते विषारी आहे. पक्कड ठेवा.

सरकतं शिसं लावूनही अडत असेल तर भोक बघा. कड धारदार असते, नाहीतर आत पेंड सुकलेली असते. मणी नसेल तर स्विव्हलची गाठच भोकात जाऊन बसते आणि प्रत्येक फेकीला दोरी तिथे झिजते. घरीच शिसं हातात धरून लीडर ओढून पाहा. दोरी जराही अडखळता कामा नये.

गाळात गडप होणारं आमिष

माळव्याच्या काळ्या मातीतल्या तलावांत हा त्रास सगळ्यात जास्त, आणि तो दिसत नाही म्हणून तासन्‌तास वाया जातात. जड गोल शिसं मऊ गाळात घुसतं आणि लीडर आखूड असेल तर आमिषालाही सोबत नेतं. आधी नुसतं शिसं फेकून हळूहळू ओढा. तळ कडक असेल तर हाताला टकटक लागते. गाळ असेल तर दोरी जड होते आणि मग एकदम सुटते. वर आलेला चिखल काळा आणि कुजका वास येणारा असेल तर जागा सोडा, अशा तळावर मासे फारसे चरत नाहीत. नुसताच मऊ गाळ असेल तर चपटं, हलकं शिसं घ्या, लीडर 60 सेंटिमीटरपर्यंत वाढवा आणि मक्याच्या दाण्यासोबत हुकावर बुचाचा छोटा तुकडा ओवा, म्हणजे आमिष गाळाच्या वर राहतं.

नर्मदेत उलटं. तिथे गोल शिसं प्रवाहात गडगडत काठाशी येतं, म्हणून चपटं आणि जरा जड हवं. शिशाऐवजी दगड बांधणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की पाण्यात दगडाचं वजन सुमारे एक तृतीयांशाने घटतं. ओंकारेश्वर धरणातून पाणी सुटलं की खाली पातळी झपाट्याने चढते. तेव्हा जड शिसं शोधत बसू नका, आधी सामान उचलून वर या.

स्प्रिंगचं वजन न मोजणं

रॉडवर 20-60 ग्रॅम असं छापलेलं असतं, म्हणजे तेवढंच वजन त्याने फेकायचं. लोक 30 ग्रॅमची स्प्रिंग, म्हणजे आमिष थापायची तारेची गुंडाळी, घेतात, तिच्यावर कोंडा-पेंडीचा भलामोठा गोळा थापतात आणि पूर्ण ताकदीने फेकतात. ओला गोळा सहज 50 ग्रॅम भरतो. रॉड मोडतो किंवा दोरी तुटते आणि दोष दुकानदाराला जातो. गोळा लिंबाएवढाच ठेवा, झटका न देता फेका. तो फेकताना हवेतच फुटला तर पाणी कमी पडलंय. पाण्यात अर्ध्या तासानेही तसाच राहिला तर जास्त मळलाय.

हुकाचं टोक कणकेत पूर्ण गाडू नका, जरासं बाहेर असू द्या. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. लीडर मुख्य दोरीपेक्षा थोडा कमी ताकदीचा हवा, म्हणजे हूक अडकला तर फक्त लीडर जाईल.

आणि कटला लागत नाही म्हणून हा गळ बदलू नका. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात खातो. त्याच्यासाठी तरंगता गळ वेगळा बांधा. महासीर लागला तर सोडून द्या. तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे आणि नर्मदेत फार कमी उरलाय.

तुटलेले शिशाचे बारीक दाणे काठावर टाकू नका. पाणपक्षी खडे समजून ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने 1987 मध्ये अशा लहान शिशांवर बंदी घातली. आपले सिरपूर आणि यशवंत सागर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आले ते पक्ष्यांमुळेच, यशवंत सागरवर सारस आहेत. छोट्या वजनासाठी लोखंडी नट चालतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जाण्याआधी तलावाचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा राज्यात मासेमारी बंद असते.